नाव कंपनीचं, कर्ज तुमचं, मग पगार कुणाचा?



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. राहाता भागातले एक बागायतदार काका मुलाला घेऊन कार्यालयात आले. मला वाटलं, डाळिंबाच्या तेल्याविषयी विचारायचं असेल. पण काकांनी पिशवीतून रंगीत छापील पुस्तिका काढून टेबलावर ठेवली. चहाच्या एका कंपनीची ती पुस्तिका. दहा लाख गुंतवा, कंपनीच्या नावानं दुकान टाका आणि महिन्याला घरबसल्या पंचवीस हजार कमवा, असा मजकूर होता.

"साहेब, पोराचं मन लई हाय. रस्त्यात गेलेल्या जमिनीचं थोडं पैसं हायेत, बाकी बँक देती म्हणती. तुम्ही शिकलेले, जरा बघा."

खरं तर हे काम कृषी खात्याचं नाही. पण पैसा शेतीचाच आणि बुडाला तर शेतच गहाण पडणार. तेव्हापासून अशी चौकशी घेऊन येणाऱ्यांची गाठ मला बऱ्याचदा पडते. कुणाला चहाचं दुकान हवंय, कुणाला पिझ्झाचं, कुणाला दूध पार्लर, तर कुणाला औषधांचं. शिर्डी, संगमनेर, श्रीरामपूर, सुपा, नेवासा फाटा, कुठल्याही रस्त्याला नजर टाका, एकसारख्या पाट्यांची दुकानं दिसतात. काही चांगली चालली आहेत, ते नाकारायचं कारण नाही. पण ज्यांच्या शटरला कुलूप लागलं, त्यांची पुस्तिका कुणी छापत नाही. म्हणून हा लेख.

खंडही द्यायचा आणि वाटाही द्यायचा

फ्रँचायझी म्हणजे काय, ते आपल्या भाषेत समजून घ्या. जमीन खंडानं घेतली की मालकाला ठरलेली रक्कम द्यावी लागते, पीक येवो न येवो. वाट्यानं केली तर खळ्यावर माल मोजून वाटा द्यावा लागतो. फ्रँचायझीत दोन्ही आहे. सुरुवातीला भरता ती फी म्हणजे खंड. पुढे दरमहा विक्रीवर द्यायची रॉयल्टी म्हणजे वाटा. हा वाटा नफ्यावर नसतो, विक्रीवर असतो, ही मेख लक्षात ठेवा. तुमचा खर्च निघो न निघो, कंपनी आपला वाटा आधी मोजून नेते.

बदल्यात काय मिळतं? नाव, पाटी, कृती, थोडं प्रशिक्षण आणि जाहिरात. नाव कंपनीच्याच मालकीचं राहतं. करार संपला की पाटी उतरवायची.

आपल्या जिल्ह्यानं दुसरा रस्ताही पाहिलेला आहे. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर. तिथं नावही सभासदांचं आणि जोखीमही सभासदांचीच. फ्रँचायझीत नाव दुसऱ्याचं आणि जोखीम मात्र पुरती आपली. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायचं असेल, तर ओंजळ कुठं गळते ते आधी पाहायला नको का?

काकांबरोबर मांडलेला हिशेब

पुस्तिका बाजूला ठेवली आणि कोरा कागद घेतला. आकडे नमुन्याचे आहेत. तुम्ही तुमच्या गावचे घाला.

समजा एकूण गुंतवणूक दहा लाख. त्यातलं सात लाख बँकेचं कर्ज, बारा टक्के व्याज, पाच वर्षं मुदत. हप्ता येतो साधारण १५,६०० रुपये. गाळ्याचं भाडं १२,०००, वीज ५,०००, दुरुस्ती आणि किरकोळ ३,०००. नोकर तीन, प्रत्येकी १३,००० धरले तर पगार ३९,०००. हा सगळा बांधील खर्च झाला ७४,६०० रुपये. चहा विकला नाही तरी तो द्यायचाच.

आता विक्री. दहा रुपयांचा एक कप. दूध, साखर, पावडर, गॅस आणि कागदी पेला मिळून निम्मे गेले, म्हणजे पाच रुपये. रॉयल्टी पाच टक्के, म्हणजे पन्नास पैसे. उरले साडेचार रुपये. त्या साडेचार रुपयांतून ७४,६०० भरून काढायचे, तर रोज साडेपाचशेच्या वर कप विकले गेले पाहिजेत. तिथं कुठं ना नफा, ना तोटा.

रोज ६०० कप गेले, तर महिन्याअखेर हातात राहतात ६,४०० रुपये. पोरगं सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत गल्ल्यावर बसणार, त्याची ही मजुरी. रोज ८०० गेले तर ३३,४०० उरतात, म्हणजे धंदा बरा. पण पावसाची झड लागली, समोर दुसरं दुकान उघडलं आणि विक्री ४०० कपांवर आली, तर दरमहा २०,६०० रुपये खिशातून घालावे लागतात. रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटी असतो, तो तर मी धरलाच नव्हता.

काका गप्प झाले. मग मुलानं पुस्तिका उघडून विचारलं, "पण सर, यांनी रोज ६०० कपांवरच २४ हजार नफा दाखवलाय. तो कसा?"

आम्ही ओळ न् ओळ तपासली. भाडं तेच होतं, दूध-साखर तीच होती. फरक एकाच जागी सापडला. पुस्तिकेत तीन नोकरांचा पगार प्रत्येकी ७,००० धरलेला. तेराच्या जागी सात. तिघांचे मिळून अठरा हजार वाचवले, आणि आमच्या ६,४०० मध्ये ते अठरा हजार मिळवा, की झाले २४,४००.

मंडळी, या लेखात सांगायचं ते एवढंच आहे. पुस्तिकेतला तो नफा चहाचा नव्हता, पोरांच्या पगारातून कापलेला होता. जो धंदा पुरा पगार दिल्यावर चालत नाही, तो धंदा चालतच नाही. तो नोकराच्या घामावर काही दिवस तगून राहतो, इतकंच.

तोटा शेवटी कुणाच्या अंगावर येतो?

माझ्या माहितीतलं एक दुकान सांगतो. गाव आणि कंपनी, दोन्हींचं नाव घेत नाही. मालक चांगला माणूस, घरची सात एकर जमीन. पहिले चार महिने झकास गेले. मग त्याच कंपनीनं तीन किलोमीटरवर दुसरं दुकान दिलं. करारात क्षेत्राची अट नव्हती, त्यामुळं बोलायला तोंड राहिलं नाही. विक्री घटली. बँकेचा हप्ता थांबवता येईना, कारण जमीन तारण. रॉयल्टी थांबवता येईना, कारण सही केलेले कोरे धनादेश कंपनीकडे. भाडं थांबवलं तर गाळा जाणार. मग थांबवलं काय? पोरांचा पगार. पाथर्डीकडची दोन पोरं होती, त्यांना तीन महिने "पुढच्या आठवड्यात देतो" यावर ठेवलं.

दुकान बंद झालं तेव्हा ती पोरं त्यांच्या अंगणात येऊन बसली. भांडली नाहीत, ओरडली नाहीत, नुसती बसून राहिली. मालकानं शेवटी दावणीची गाय विकून त्यांचे पैसे दिले. मला म्हणाला, "साहेब, कंपनीनं मला फसवलं असं मी गावभर सांगत होतो. त्या पोरांच्या हिशेबी मीच कंपनी होतो."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. ऊसतोडीच्या टोळ्यांना उचल देऊन अडकवणाऱ्यांना आपण नावं ठेवतो. आपल्याच गाळ्यात तोच प्रकार होतो, तेव्हा मात्र त्याला धंद्याची अडचण म्हणतो.

नाव मोठं असलं म्हणून काय झालं?

कुणी म्हणेल, कंपनी मोठी असली की भीती नाही. तीन प्रकरणं ध्यानात ठेवा.

पहिलं, मोठ्या नावाचा खोटा वापर. अमूलच्या नावानं बनावट संकेतस्थळं काढून, पार्लर आणि एजन्सी देतो म्हणून लोकांकडून पैसे उकळले जात होते. २०२० साली अमूलच्या महासंघाला त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. म्हणून मोबाईलवर आलेल्या दुव्यावर पैसे भरू नका. कंपनीच्या कार्यालयात स्वतः जा, तिथल्या माणसाला भेटा. फसवणूक झालीच, तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या क्रमांकावर फोन करा.

दुसरं, परत खरेदीची हमी. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण आठवा. पिल्लं आमची, खाद्य आमचं, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या भावानं घेऊ, असं सांगून शेतकऱ्यांकडून पैसे घेतले गेले. २०१९ साली खरेदी थांबली, गुन्हे दाखल झाले आणि शेतकऱ्यांच्या दारात खाणारी तोंडं तेवढी राहिली. त्याआधी २०१२ च्या सुमारास तमिळनाडूत पेरुंदुराईला इमू पक्ष्यांच्या बाबतीत नेमकं असंच घडलं होतं. हमी देणारा स्वतःचा माल बाजारात कुणाला विकतो, हे न विचारता हमी घेतली की असं होतं. नवी गिऱ्हाइकं येणं थांबलं, की जुन्यांचं चुकतं करणंही थांबतं.

तिसरं, कंपनी खरी, दुकानं चालती, तरी भांडण. मॅकडोनाल्ड्स या अमेरिकी कंपनीनं विक्रम बक्षी यांच्याबरोबर १९९५ मध्ये निम्म्या-निम्म्या भागीदारीत उत्तर भारतात दुकानं काढली. २०१३ साली दोघांचं बिनसलं आणि प्रकरण कोर्टकचेरीत गेलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं १६९ दुकानांचे फ्रँचायझी करार रद्द केले. तडजोड झाली ती २०१९ च्या मे महिन्यात. बक्षींच्या पदरी वकिलांची फौज होती, तरी सहा वर्षं गेली. सात एकरवाल्यानं किती वर्षं धरायची? आणि दुकानं बंद पडली त्या काळात तिथल्या काम करणाऱ्या पोरापोरींनी काय करायचं? दोघा मालकांच्या भांडणात त्यांचा काय दोष?

सही करण्याआधी

आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्यावर आणि १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यावर सगळं चालतं. अमेरिकेत फ्रँचायझी देणाऱ्यानं आपला सगळा कच्चाचिठ्ठा सहीच्या किमान चौदा दिवस आधी हातात द्यायचा, असा नियम आहे. आपल्याकडे तसं बंधन नाही, म्हणून कागदावर जे लिहिलंय तेवढंच खरं. एजंटानं तोंडी दिलेला शब्द वाऱ्यावर जातो. बियाणं घेताना आपण पिशवीवरची खूणचिठ्ठी वाचतो, पावती जपून ठेवतो. इथंही तेच करा. पुढील गोष्टी करारात शोधा.

१) माझ्या दुकानापासून किती अंतरात दुसरं दुकान देणार नाही? किलोमीटर लिहून घ्या.

२) अनामत परत कधी आणि कशावर मिळणार? फी परत मिळणारी आहे की नाही?

३) कच्चा माल कंपनीकडूनच घ्यायची सक्ती आहे का? भाव कोण ठरवणार? दुधाच्या जिल्ह्यात राहून महागडी पावडर लांबून आणायची असेल, तर निदान ते आधी माहीत असू द्या.

४) करार किती वर्षांचा आणि कर्ज किती वर्षांचं? करार तीन वर्षांचा आणि हप्ते पाच वर्षांचे, हे गणित जुळत नाही.

५) करार मधेच मोडला तर यंत्रं, फर्निचर कुणाचं? नंतर त्याच जागी स्वतःचं दुकान काढता येईल का?

६) वाद झाला तर कुठल्या गावच्या कोर्टात किंवा लवादापुढं? गुरुग्राम किंवा बंगळूर लिहिलं असेल, तर तारखेला जाण्याचा खर्च आजच धरा.

७) कोरा धनादेश किंवा घरच्यांची वैयक्तिक हमी मागताहेत का? धनादेश वटला नाही तर चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी होते. कोऱ्या कागदावर सही म्हणजे सातबाराच दुसऱ्याच्या हाती दिल्यासारखं.

करार मराठीत समजावून मागा. आपल्या खर्चानं, आपल्या ओळखीच्या वकिलाला दाखवा. कंपनीची नोंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहा. ज्या नावाचे पैसे मोजताय ते व्यापारचिन्ह खरंच त्यांच्या नावावर नोंदलंय का, तेही पाहता येतं. त्यांनी दाखवलेल्या दोन चालू दुकानांना भेट द्याच, पण न दाखवलेल्या दोन दुकानांनाही द्या. बंद पडलेल्या एखाद्याला गाठलंत तर उत्तमच. प्रकल्प अहवाल तपासून घ्यायला जिल्हा उद्योग केंद्र आहे, संकोच करू नका.

तुम्ही मालक झालात, आता तुमच्याकडे नोकर आहेत

पाटी कंपनीची असली, तरी पोरांना कामावर ठेवणारे तुम्ही. पगार थकला तर पोरं तुमच्याच दारात येतात आणि कायद्यानंही विचारणा पहिली तुम्हालाच होते. "कंपनीनं असंच सांगितलं होतं" हे उत्तर चालत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातल्या आणि इतर कायद्यांतल्या मोजक्या गोष्टी प्रत्येक छोट्या मालकाला माहीत हव्यात.

किमान वेतनाचे दर सरकार ठरवतं. ते धंदा, कौशल्य आणि परिमंडळ यांप्रमाणे बदलतात आणि महागाईनुसार विशेष भत्ताही बदलत राहतो. माझा १३,००० चा आकडा नमुन्याचा आहे. चालू दर अहिल्यानगरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयातून घ्या आणि तोच हिशेबात धरा. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा. नोकर सोडून गेला किंवा तुम्ही काढला, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा. जादा काम घेतलं तर दुप्पट दरानं पैसे. एकाच कामाला बाईला कमी आणि गड्याला जास्त, हे चालत नाही. नेमणुकीचं पत्र लेखी द्या. त्यात काम, वेळ, पगार आणि सुट्टी लिहा. पत्र त्याच्याइतकंच तुमच्याही संरक्षणाचं आहे.

चौदा वर्षांखालचं पोर गल्ल्यावर, टेबलावर किंवा भांड्याला, कुठंही कामाला ठेवू नका. त्याचे आईबाप हात जोडून सांगत असले तरीही नाही. उचल दिली म्हणून नोकराला "फिटल्याशिवाय जायचं नाही" म्हणून अडवणं ही वेठबिगारी आहे. १९७६ पासून तो गुन्हा आहे. त्याचं आधार कार्ड, शाळेचा दाखला अडकवून ठेवणं हाही त्यातलाच प्रकार. मुली कामाला असतील तर त्यांना स्वच्छतागृह द्या, रात्री उशिरा घरी पोचण्याची सोय करा. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानातल्या बाईला छळाची तक्रार करायची झाली, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. हे तिला माहीत असलं पाहिजे आणि ते तुम्हीच सांगितलं पाहिजे.

कुणी म्हणेल, एवढं सगळं करून धंदा परवडतो का? उलट विचारून बघा. दर दोन महिन्यांनी पोरगं पळून जातं, नव्याला शिकवावं लागतं, चहाची चव बिघडते, गिऱ्हाईक तुटतं, गल्ल्यात हात जातो. हे परवडतं का? दावणीच्या जनावराला वेळेवर पेंड घातली तरच ते दूध देतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इथं तर माणूस आहे.

गावच्या कारभाऱ्यांसाठी दोन शब्द

सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपल्या तोंडी अजून ग्रामसेवकच) यांना विनंती. गावात "एजन्सी देतो" म्हणून कुणी सभा घ्यायला मंदिर किंवा शाळेचं आवार मागितलं, तर आधी कंपनीची कागदपत्रं मागा. ग्रामपंचायतीच्या आवारात सभा झाली, की लोकांना ती सरकारी वाटते. किमान वेतनाचा चालू तक्ता फलकावर लावा. लहान पोर कामाला दिसलं तर १०९८ हा क्रमांक आहे. पगार बुडालेल्या गरीब मजुराला आणि कुठल्याही महिलेला तालुका विधी सेवा समितीकडे पाठवा, तिथं मोफत वकील मिळतो.

काकांनी काय केलं?

काकांनी दुकान घेतलं नाही, असं सांगून लेख गोड करता आला असता. पण तसं नाही, अजून ठरलेलं नाही. मुलाला मी एवढंच सुचवलं, की सही करण्याआधी एक महिना अशाच एखाद्या दुकानात नोकरी कर. मालकाचा मुलगा म्हणून नव्हे, नोकर म्हणून. त्यानं केली. सकाळी सहाला शटर उघडलं, रात्री भांडी घासली. महिन्यानं आला तेव्हा पुस्तिका नव्हती, हाताला चटका बसलेला आणि खिशात वही होती. रोजचे कप मोजून लिहिलेले.

म्हणाला, "सर, सोमवारी आणि अमावास्येला विक्री निम्मी होते. पुस्तिकेत अमावास्या नाही."

आणि जरा थांबून म्हणाला, "पगार बाराऐवजी पंधरा तारखेला मिळाला. तीन दिवस उशीर. तेवढ्यात मला लई राग आला."

तो पुढं दुकान घेईल की नाही, ते त्याचं तो ठरवील. पण घेतलंच, तर त्याच्याकडच्या पोरांचा पगार सात तारखेच्या आत होईल, एवढी मला खात्री आहे. तुम्हीही सही करण्याआधी कोऱ्या कागदावर पहिली ओळ पगाराची लिहा, कायद्यानं ठरलेली, पुरती. मग भाडं, हप्ता, रॉयल्टी. एवढं करून खाली काही उरत असेल तर खुशाल पुढं जा. उरत नसेल तर घरी या. शेत तिथंच आहे.